चारचौघांदेखत



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी नोकरीभर मराठी शिकवलं आणि सुटीच्या दिवसांत गावातल्या पोरांना घेऊन नाटकं बसवली. वर्गात फळ्यासमोर आणि रंगमंचावर विंगेत, दोन्हीकडे त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या नावानं बोलायचं, तर या दोन्ही जागांना जोडणारा विषय घ्यावा असं मला वाटलं. नट रंगमंचावर भूमिका करतो. साक्षीदार कोर्टात शपथ घेतो. कीर्तनकार देवळाच्या सभामंडपात उभा राहतो. गोलंदाज मैदानात चेंडू टाकतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामावर साहेब शेरा लिहितो. सत्याग्रही तळ्याच्या पायऱ्या उतरतो. ही सगळी कामं कुणाच्या तरी देखत होतात आणि कुणीतरी त्यांची पारख करतं. या सर्वांत समान असं काही आहे का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते ताडून पाहायला तुम्हाला पुढचा वेळ मिळेल. जे काम आपण चारचौघांदेखत करतो, ते आपल्याला बांधून घेतं, आणि ते पाहणाऱ्यालाही बांधून घेतं. करणारा आणि पाहणारा, दोघांवर जबाबदारी येते तेव्हाच ते काम पुरं होतं. यातला पाहणारा अंग काढून घेतो, नजर फिरवतो किंवा नुसत्या आकड्याआड लपतो, तेव्हा त्या कामाचं काय होतं, हे आपल्याच इतिहासात स्पष्ट दिसतं.

रंगभूमीपासून सुरुवात करू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. चिंतामणराव पटवर्धनांचा त्यांना आश्रय होता. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. म्हणजे आपल्या रंगभूमीचा जन्मदिवस हा एका प्रयोगाचा दिवस आहे. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला भीती घालून जोशी कसा लुबाडतो, आणि शेवटी ते दोघं शिकायची वाट कशी धरतात, याची ही गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. छापील स्वरूपात लोकांपुढे यायला त्याला शंभराहून अधिक वर्षं लागली. नाटक लिहून तयार होतं, त्यातलं दुखणं घराघरातलं होतं. पण ज्यांच्या हाती मान्यता होती त्यांनी ते पाहायचंच नाकारलं, आणि नाटक कागदावर राहिलं.

हा धडा पुढच्या पिढ्यांनी नीट घेतला. सत्यशोधक जलसे आणि त्यानंतरचे आंबेडकरी जलसे यांनी कुठल्या कमिटीच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तमाशाचा गण, गवळण, बतावणी हा साचा त्यांनी घेतला, त्यात आपला आशय भरला आणि वस्तीतल्या मोकळ्या जागेत कंदिलाच्या उजेडात ते उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ पोचली ती या जलशांमुळे. त्यांनी आपला पाहणारा स्वतः शोधला.

गाडगेबाबांचं कीर्तन हा या गोष्टीचा आणखी पुढचा टप्पा आहे. बाबा गावात आले की दिवसा हातात खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि समोरच्या माणसांकडून उत्तर वदवून घेत. कर्ज काढून सण करायचा का, देवाला कोंबडं-बकरं कापायचं का, पोराला शाळेत घालणार की नाही. समोरच्यांना नुसतं ऐकून घरी जाता येत नसे. शेजारपाजाऱ्यांच्या देखत तोंडातून उत्तर गेलेलं असे. आणि प्रश्न विचारणाऱ्यानं सकाळी आपल्याच दारासमोरचा उकिरडा उपसलेला सगळ्यांनी पाहिलेला असे. सकाळच्या कामानं रात्रीच्या शब्दाला अधिकार मिळायचा. माझ्या मते सादर होण्याचा इतका पूर्ण नमुना जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. तिथे करणारा आपल्या शब्दाला बांधलेला, आणि ऐकणारा आपल्या उत्तराला.

शब्दानं माणूस कसा बांधला जातो, याचा पद्धतशीर विचार ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी केला. १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यानमालाच दिली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ती पुस्तकरूपानं आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही वाक्यं वस्तुस्थितीचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारल्यानं वस्तुस्थितीच बदलते. 'मी वचन देतो', 'मी पैज लावतो', 'या जहाजाचं नाव मी अमुक ठेवतो'. ही वाक्यं खरी की खोटी असं विचारता येत नाही. ती लागू पडली की नाही, एवढंच विचारता येतं. लागू पडण्यासाठी माणूस योग्य हवा, जागा योग्य हवी, रीत ठरलेली हवी. गोदीत शिरून कुणीही उपटसुंभ जहाजाला नाव ठेवू लागला, तर जहाजाला नाव पडत नाही.

आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवताना विवाह अधिकाऱ्याबरोबर तीन साक्षीदार लागतात. वधू-वर एकमेकांचा स्वीकार करत असल्याचं त्यांच्या कानांवर पडावं लागतं. त्याच्याही कितीतरी आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं, भटजीशिवाय. वधू-वरांनी जमलेल्या मंडळींसमोर एकमेकांना वचन दिलं. मंत्र म्हणणारा बदलला, पण साक्षीला माणसं हवीत ही अट जोतीरावांनी काढली नाही. लग्नाचं बळ पुरोहितात नसून त्या दोघांच्या शब्दात आणि तो ऐकणाऱ्या समाजात आहे, हे त्यांनी करून दाखवलं.

ऑस्टिननी एक प्रश्न मात्र मोकळा सोडला. योग्य माणूस कोण, हे ठरवतो कोण? ज्याला समाजानं कधी योग्य मानलंच नाही, त्यानं ठरलेल्या रीतीप्रमाणे काही केलं तर ते लागू पडणार की नाही? या प्रश्नासाठी मला हार्वर्डहून महाडला यावं लागतं.

महाडची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरी तिचा क्रम एकदा सावकाश पाहा. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. म्हणजे कागदावर चवदार तळं खुलं झालेलं होतं. कायद्याचं वाक्य योग्य माणसांनी, योग्य जागी, योग्य रीतीनं उच्चारलं होतं. ऑस्टिनच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या होत्या. आणि पुढची तीन वर्षं त्या तळ्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची माणसं रांगेनं तळ्यावर गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, मग बाकीच्यांनी प्यायलं. एवढीच कृती. तहान लागलेला कुणीही माणूस ती करतो. पण ती हजारोंच्या देखत, दिवसाढवळ्या, नाव-गाव लपवल्याशिवाय झाली, म्हणून ठरावाला जे जमलं नव्हतं ते तिनं केलं. तोवर कायद्याच्या पुस्तकात असलेला हक्क कुणाच्या तरी घशाखाली उतरला. कुणी रात्री गुपचूप जाऊन तेच पाणी भरलं असतं, तर तहान भागली असती आणि हक्क होता तिथेच राहिला असता. आपण केवळ पाणी प्यायला जात नाही, आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो, असं बाबासाहेबांनीच पुढे डिसेंबरच्या परिषदेत सांगितलं.

पाहणाऱ्यांनी त्यावर काय केलं, हेही विसरायचं नाही. वीरेश्वराच्या देवळात आता हे लोक शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. उलट वार करायला तयार असलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरलं. मग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या गेल्या. हेही चारचौघांदेखत केलेलंच काम होतं. सत्याग्रहींनी जे करून दाखवलं, ते पुसून टाकण्यासाठी तेवढ्याच जाहीरपणे केलेली ती कृती होती. म्हणून मी म्हणतो की कृती जाहीर झाली एवढ्यानं ती चांगली ठरत नाही. ती कुणाला माणसांत घेते आणि कुणाला बाहेर ढकलते, हेच तिला लावायचं माप आहे.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. मंडपाला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. दरम्यान तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. परिषदेनं विचार करून सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याला प्रदक्षिणा घालून मिरवणूक परत आली. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. तुमचं लुगडं नेसण्याची तऱ्हा, गळ्यातले-हातातले दागिने यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते, ती ओळख टाकून द्या, असं त्यांचं सांगणं होतं. बायांनी ते मनावर घेतलं आणि लुगडं नेसण्याची पद्धत बदलली.

या प्रसंगाजवळ मी थोडा थांबतो, कारण त्याच काळात मराठी रंगभूमीवर बालगंधर्व स्त्रीभूमिका करत होते. त्यांचा शालू, त्यांची नथ, त्यांच्या केसांतला गजरा पाहून पांढरपेशा घरांतल्या बायका आपलं नेसणं-सवरणं ठरवत. पुरुषानं उभं केलेलं सौंदर्य प्रेक्षागृहातून घराघरांत पोचत होतं आणि त्याची वाहवा होत होती. महाडच्या बायांनी आपलं नेसणं बदललं तेव्हा मात्र टाळ्या वाजवणारे फार थोडे होते, आणि गावाचा रोष पत्करावा लागे. अंगावरचं वस्त्र हेसुद्धा रोज चारचौघांदेखत केलेलं काम असतं. माणसं दैनंदिन जगण्यात एकमेकांसमोर कशी वावरतात, दर्शनी भाग कुठला आणि पडद्यामागचा कुठला, याचं सुंदर विवेचन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या निरीक्षणांतून केलं. त्यात महाडच्या बायांची भर घालावी लागेल. काहींना आपलं सोंग आवडीनुसार निवडता येतं. काहींवर ते जन्मताच लादलेलं असतं, आणि ते उतरवायला धाडस लागतं.

महाडचा दावा दहा वर्षं चालला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे वाक्य, कृती, उलटी कृती आणि पुन्हा वाक्य असा तो प्रवास झाला. कायदा आणि कृती यांना एकमेकांची गरज असते, हे मला महाडनं शिकवलं.

आता मैदानावर येऊ. बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांची गोलंदाजी सगळ्यांना हवी असे. चहाच्या सुट्टीत मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे आलं नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

या हकिकतीत दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही धरून ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की हजारो प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेली कामगिरीसुद्धा तंबूच्या दारात अडते. पाहणाऱ्यानं टाळी दिली, पण आपली जबाबदारी घेतली नाही. दुसरी गोष्ट आकड्याबद्दल आहे. ज्याच्याकडे पाहणारा कलुषित नजरेनं पाहतो, त्याला धावफलकाचा मोठा आधार असतो. ११४ हा आकडा जात विचारत नाही. गोलंदाजी काय, बरी आहे, असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. म्हणून मोजमापाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. आंधळ्या गुणपत्रिकेनं अनेक गरीब घरांतल्या मुलींना अशा दारांतून आत नेलं आहे, जिथे तोंडी मुलाखतीत त्यांना पहिल्याच वाक्याला बाहेर काढलं असतं.

पण आकड्याला पाहणाऱ्याची जागा देऊन टाकली की काय होतं, हेही पाहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानं शाळांसाठी नवी नियमावली आली. मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांतली परीक्षा यांवर शाळेचं अनुदान ठरू लागलं. निकाल द्या, पैसे घ्या. दिसायला चोख व्यवहार. पण शिक्षकांनी काय केलं? तपासणीला येणारं पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. शिकवण्याचं यंत्र झालं आणि मुलांच्या बुद्धीचं चलनवलन मंदावलं, अशी तक्रार ते अहवालांतून करत राहिले. ती पद्धत मोडीत निघायला शतकाचा शेवट उजाडला. पुढे १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञांनी चलनव्यवहाराच्या संदर्भात अशाच अर्थाचं निरीक्षण मांडलं. एखाद्या मापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते माप पूर्वीसारखं भरवशाचं राहत नाही. आज आपल्या शाळेतला शिक्षक शिकवता शिकवता फोटो काढून वर पाठवतो, कारण वर्ग पाहायला कुणी येत नाही, फोटो मात्र पाहिले जातात. त्याचा दोष मी शिक्षकाला देत नाही. पाहणाऱ्यानं आपली खुर्ची रिकामी ठेवली आणि तिथे एक रकाना ठेवला, त्याचा हा परिणाम आहे.

याच साखळीतला एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी नोकरीत वर्षाच्या कामाचा गोपनीय अहवाल, लोकांच्या तोंडी सी. आर., साहेब लिहीत असे. वाईट शेरा असेल तर कळवायचा, बाकीचा कळवायचा नाही, असा शिरस्ता होता. देव दत्त नावाच्या अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा पडला. बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता. 'चांगला' हा काही वाईट शेरा नाही, म्हणून तो त्यांना कळवला गेला नाही, आणि बढती गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की चांगली असो वा वाईट, प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. न कळवणं हे मनमानीचं आहे. मला हा निकाल नोकरशाहीच्या कोपऱ्यातला वाटत नाही. पाहणाऱ्यानंही दिसलं पाहिजे, असा त्याचा अर्थ मी लावतो. ज्यानं काम केलं तो चारचौघांदेखत उभा होता. ज्यानं पारख केली तोही तसाच उभा राहायला हवा.

आणि तरीही आपण उलट दिशेनं चाललो आहोत. घरी जेवणाचं पार्सल घेऊन येणारा मुलगा पाऊस-चिखलातून चार जिने चढून येतो. आपण दार लावतो आणि मोबाइलवर त्याला दोन तारे देतो. कुणी दिले, कशासाठी दिले, हे त्याला धड कळत नाही. त्याच्या पुढच्या कामावर मात्र त्याचा परिणाम होऊ शकतो. जुन्या साहेबाचं गुप्त शेऱ्याचं पान आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात आलं आहे. ते हातात घेताना देव दत्त यांचा निकाल आपल्याला लागू आहे असं मी मानतो, कायद्यानं नसला तरी नीतीनं.

मित्रहो, इतक्या ठिकाणी फिरून मी काय जमवलं ते सांगतो. भाव्यांच्या प्रयोगापासून देव दत्त यांच्या अहवालापर्यंत प्रत्येक जागी करणाऱ्याकडून आपण पुष्कळ मागतो. कौशल्य हवं, तयारी हवी, धैर्य हवं. ते मागणं योग्यच आहे. पण पाहणाऱ्याकडून आपण जवळजवळ काहीच मागत नाही. तिकीट काढलं, मत दिलं, तारे दिले, की त्याचं कर्तव्य संपलं असं धरून चालतो. महाडच्या तळ्याकाठी, हिंदू संघाच्या तंबूत आणि दक्षिणा प्राइज कमिटीच्या बैठकीत चूक करणाऱ्याची नव्हती. चूक पाहणाऱ्यांची होती, आणि त्याची किंमत करणाऱ्यांनी भरली.

म्हणून पाहणाऱ्याची तीन कर्तव्यं मला दिसतात. पहिलं, प्रत्यक्ष जाऊन पाहणं. शाळा कशी चालते हे निकालपत्रावरून न ठरवता वर्गात मागच्या बाकावर तासभर बसून पाहणं, पालक म्हणून, अधिकारी म्हणून. दुसरं, पारख करताना आपलं नाव आणि आपलं कारण समोरच्याला सांगणं, आणि त्याचं उत्तर ऐकायची तयारी ठेवणं. तिसरं आणि सर्वांत अवघड, जे पाहिलं त्याला जागणं. ज्याच्या गोलंदाजीला टाळी दिली, त्याच्या पंक्तीला बसणं. गटारात उतरणाऱ्या कामगाराचं काम आपण रोज पाहतो आणि त्याला पाण्याचा पेला देताना आजही वेगळं भांडं शोधणारी घरं आपल्या माहितीत आहेत. तिथे आपल्या टाळ्यांना काही अर्थ नाही.

शिकवणाऱ्या, गाणाऱ्या, खेळणाऱ्या, झाडणाऱ्या माणसांना उत्तम काम करा असं सांगणारे पुष्कळ आहेत. मी आज तुम्हाला उत्तम पाहणारे व्हा, अशी विनंती करतो. आपल्या गावात पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे, आणि तीही चारचौघांदेखतच होते. तिथे जाऊन बसा. कुणी उठून बोललं तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्या, आणि ते पटलं असेल तर त्याच सभेत हात वर करा.